पाहणे की उतरवून घेणे?

एक साधा प्रश्न विचारतो. ऑनलाइन पाहिलेली चित्रफीत आणि डाऊनलोड केलेली, म्हणजे फोनमध्ये उतरवून घेतलेली चित्रफीत, या दोहोंत फरक कोणता? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुधा असे उत्तर मिळते, "पहिली इंटरनेटवर असते, सर, दुसरी आपल्या फोनमध्ये." उत्तराचा दुसरा भाग बरोबर आहे. पहिला भाग मात्र तपासून पाहिला पाहिजे.

तुमच्या फोनचा पडदा म्हणजे प्रकाश देणाऱ्या लक्षावधी ठिपक्यांची जाळी. कोणत्या ठिपक्याने या क्षणी किती तांबडा, किती हिरवा आणि किती निळा प्रकाश द्यावयाचा, हे फोनला कळल्याशिवाय चित्र उमटणार नाही. ही माहिती फोनच्या आत आलेली असावीच लागते. दूरच्या संगणकातील चित्र तेथेच ठेवून तुम्हाला दुरून दाखविण्याची कोणतीही युक्ती नाही. म्हणजेच ऑनलाइन पाहणे हेदेखील उतरवून घेणेच आहे. फरक एवढाच, की ऑनलाइन पाहताना आलेली माहिती फोन वापरतो आणि टाकून देतो; डाऊनलोड करताना ती जपून ठेवतो.

या एका गोष्टीतून एक व्यवहारातील निष्कर्ष निघतो. परीक्षेच्या आधी प्रकाशाच्या अपवर्तनावरील एक पाठ तुम्ही तीनदा ऑनलाइन पाहिलात, तर तो पाठ तीनदा तुमच्या फोनमध्ये उतरला आणि तुमच्या रिचार्जमधील डेटाही तीनदा खर्च झाला. एकदा उतरवून तीनदा पाहिलात, तर खर्च एकदाच.

येथे रेडिओची आठवण होणे साहजिक आहे. आकाशवाणीच्या मनोऱ्यावरून एकच लहर निघते. ती दहा घरांत ऐकली काय आणि दहा लाख घरांत ऐकली काय, मनोऱ्याला त्याची खबरही नसते. इंटरनेटचे तसे नाही. तेथे प्रत्येक पाहणाऱ्याला स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. वर्गातील चाळीस जणांनी चाळीस फोनांवर एकच पाठ पाहिला, तर त्या पाठाच्या चाळीस प्रती गावातल्या त्याच एका मोबाईल मनोऱ्यावरून उतरतात. संध्याकाळी सगळे गाव फोन घेऊन बसले की चित्र का अडकते, याचे कारण यात आले.

आता थोडी आकडेमोड करू. कागद-पेन्सिल घ्या. एका चित्रचौकटीत आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके आहेत असे समजा. गुणाकार ९,२१,६०० येतो. प्रत्येक ठिपक्याच्या तीन रंगांसाठी आठ-आठ, म्हणजे एकूण २४ बिट लागतात. एका चौकटीला सुमारे २ कोटी २१ लाख बिट झाले. डोळ्याला हालचाल सलग भासावी म्हणून सेकंदाला अशा २५ चौकटी हव्यात. म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ कोटी ३० लाख बिट, किंवा ५५३ मेगाबिट! दहा मिनिटांच्या पाठाला ६०० सेकंद. आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने हा पाठ ४१ जीबींपेक्षाही मोठा भरेल.

प्रत्यक्षात अशी दहा मिनिटांची चित्रफीत सेकंदाला दीड मेगाबिट या दराने सहज मिळते. ६०० गुणिले १.५ म्हणजे ९०० मेगाबिट. आठाने भागा, ११२.५ मेगाबाइट. मूळ आकाराच्या सुमारे ३७० पट लहान! मग उरलेले ३६९ भाग गेले कोठे? आणि ते गेल्याचे आपल्या डोळ्यांना कळले कसे नाही?

यातील पहिली काटछाट डोळ्याच्या रचनेवरच बेतलेली आहे. उजेड-अंधारातील बारीक फरक आपला डोळा चटकन टिपतो. रंगातील तितका बारीक फरक त्याला टिपता येत नाही. म्हणून उजळपणाची माहिती प्रत्येक ठिपक्यासाठी ठेवतात, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकदाच. एवढ्यानेच २४ बिटांचे काम सरासरी १२ बिटांत भागते.

दुसरी काटछाट गणिताची आहे, आणि तिच्यामागचा मुख्य माणूस आपल्याकडचा, बंगळूर येथे जन्मलेला. नासिर अहमद हे अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात प्राध्यापक होते. चित्राचे लहान लहान चौकोन पाडावेत आणि प्रत्येक चौकोन कोसाइन वक्रांच्या बेरजेच्या रूपात लिहावा, अशी त्यांची कल्पना होती. सतारीचा एक स्वर अनेक शुद्ध कंपनांच्या मिश्रणाने बनतो, हे तुम्ही ध्वनीच्या प्रकरणात शिकला असाल. तसेच हे. समजा, आठ गुणिले आठ ठिपक्यांचा एक चौकोन घेतला. त्यात ६४ संख्या आहेत. त्यांच्या जागी दुसऱ्या ६४ संख्या येतात. पण या नव्या संख्यांपैकी पहिल्या थोड्याच मोठ्या असतात, बाकीच्या बहुतेक शून्याजवळ. भिंतीचा किंवा आभाळाचा तुकडा असेल तर एखाद-दुसरीच संख्या उरते. शून्याजवळच्या संख्या सरळ शून्य धरल्या तरी चित्रात डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, आणि ओळीने आलेली पन्नास शून्ये लिहिण्याऐवजी "पन्नास शून्ये" एवढेच लिहिले की भागते.

या कामासाठी १९७२ मध्ये अहमद यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधी मागितला, तो मिळाला नाही. तरीही त्यांनी काम पुढे नेले, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज फोनने काढलेला बहुतेक प्रत्येक फोटो आणि इंटरनेटवरून येणारी बहुतेक प्रत्येक चित्रफीत या रूपांतरातून किंवा त्याच्या सुधारित अवतारातून गेलेली असते.

हे स्वतः पडताळून पाहावयाचे असेल तर भर उन्हात दोन फोटो काढा. एक रंगविलेल्या कोऱ्या भिंतीचा, दुसरा चिंचेच्या किंवा बाभळीच्या पाल्याचा. दोन्ही फोटोंत ठिपके तितकेच. फोनमध्ये त्यांच्या तपशिलात जाऊन आकार पाहा. पाल्याचा फोटो भिंतीच्या फोटोपेक्षा बराच मोठा भरेल, कारण पाल्याच्या चौकोनांत शून्ये कमी.

तिसरी काटछाट सर्वांत मोठी. फळ्यासमोर उभे राहून शिकविणारे गुरुजी डोळ्यांसमोर आणा. एका पंचविसांश सेकंदात काय बदलते? हात किंचित सरकतो, ओठ हलतात, खडूची रेघ केसभर लांबते. फळा, भिंत, टेबल जेथल्या तेथे. मग दरवेळी फळा नव्याने पाठवावयाचा कशाला? म्हणून अधूनमधून एक संपूर्ण चौकट पाठवितात आणि मधल्या चौकटींसाठी केवळ बदल कळवितात, "हा तुकडा दोन ठिपके डावीकडे सरकला, बाकी सर्व पूर्ववत." २००३ मध्ये प्रमाणित झालेली आणि आजही सर्वत्र वापरात असलेली एच.२६४ ही पद्धत अशीच चालते. चित्रफीत मध्येच पुढे सरकवली असता कधी कधी चित्र क्षणभर फिसकटते, माणसाच्या चेहऱ्यावर मागच्या दृश्याचे ठिगळ दिसते, ते यामुळेच. बदल हाती आले, पण ज्या चौकटीत बदल करावयाचे ती पूर्ण चौकट आलेली नसते. फळ्यावरचा पाठ या पद्धतीत अगदी लहान होतो. धबधबा, पाऊस किंवा क्रिकेटच्या मैदानावरची उसळलेली गर्दी मात्र काही केल्या आवरत नाही.

ध्वनीचा हिशेब त्या मानाने किरकोळ आहे. ध्वनितबकडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा हवेचा दाब मोजून, प्रत्येक मापाला १६ बिट देऊन, डाव्या व उजव्या कानासाठी वेगळी नोंद करतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही, या गोष्टीचा फायदा घेऊन एमपी३ सारख्या पद्धती त्याचे सव्वा लाखाच्या आसपास बिट करतात. नुसत्या बोलण्याला तर ६४ हजार बिटही पुष्कळ झाले. त्या दराने दहा मिनिटांचे व्याख्यान ४.८ मेगाबाइटमध्ये बसते. चित्रासह ११२.५ आणि आवाजापुरते ४.८! इतिहासाचा पाठ किंवा कथाकथन ऐकावयाचे असेल तर केवळ ध्वनी उतरवून घेणे किती स्वस्त पडते पाहा. भूमितीला अर्थातच ही सवलत नाही.

आता ही चित्रफीत तुमच्यापर्यंत येते कशी? ती अखंड येत नाही. ती आधीच काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते; शिवाय प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवलेला असतो, ठसठशीत ते धूसर. चित्राचे तुकडे आणि ध्वनीचे तुकडे पुष्कळदा वेगळेच असतात. (एखाद्याने कोठून तरी उतरवून घेतलेली चित्रफीत मुकी निघते, त्याचे हे एक कारण: चित्र आले, ध्वनी मागे राहिला.) फोनमधील आज्ञावली प्रत्येक तुकडा यावयास किती वेळ लागला ते मोजते, आणि वेग कमी दिसला की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागविते.

फोनमध्ये यासाठी एक लहानशी टाकी असते असे समजा. वरून नळाने तुकडे पडतात, खालच्या तोटीने पडद्यावर जातात. या टाकीलाच बफर म्हणतात. समजा, फीत पाहण्यास सेकंदाला १.५ मेगाबिट लागतात, पण तुमच्या नळाला १ मेगाबिटचीच धार आहे. टाकीत सुरुवातीला १५ सेकंदांचा साठा, म्हणजे २२.५ मेगाबिट आहेत. दर सेकंदाला तूट अर्ध्या मेगाबिटची. ४५ सेकंदांत टाकी कोरडी, आणि पडद्यावर ते गोल फिरणारे चक्र! ते टाळण्यासाठी आज्ञावली दर्जा उतरवते. सर्वांत हलक्या दर्जात एका चौकटीत २५६ गुणिले १४४, म्हणजे ३६,८६४ ठिपकेच उरतात. आपण आरंभी घेतलेल्या चौकटीच्या पंचविसाव्या हिश्श्याइतके. नाचगाणे तेवढ्यात भागते. पण फळ्यावर १० चा उणे तिसरा घात लिहिला आहे की उणे आठवा, हे त्या चित्रात वाचता येत नाही. ज्या मुलाच्या गावी मनोरा दूर आहे, त्याच्या वाट्याला नेमके हेच चित्र येते, आणि त्याला वाटते की आपल्याला गणित जमत नाही.

डाऊनलोडने येथे मोठी सोय होते. फीत लगेच पाहावयाची नसेल तर धार बारीक असली म्हणून बिघडत नाही. ९०० मेगाबिट, सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे ९०० सेकंद किंवा १५ मिनिटे. दहा मिनिटांचा पाठ पंधरा मिनिटांत उतरेल, आणि उतरल्यावर शहरातल्या मुलाला दिसतो तितकाच स्वच्छ दिसेल. वेगाची उणीव सबुरीने भरून निघते. ऑनलाइन पाहण्यात ही सबुरी करावयास वावच नसतो.

जाता जाता एकक नीट पाहण्याची सवय लावून घ्या. जाहिरातीत वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फायलीचा आकार मेगाबाइटमध्ये. "दहाचा वेग" म्हणजे सेकंदाला दहा मेगाबाइट नव्हेत, सव्वाच. अशीच गंमत कार्डाची. ६४ जीबीचे कार्ड घेतले आणि संगणकाने ५९.६ दाखविले तर दुकानदाराशी भांडू नका. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि पुष्कळ संगणक १०२४ च्या पटीत.

त्या नखाएवढ्या कार्डात पाठ राहतो तो विद्युतभाराच्या रूपाने. त्यात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात, प्रत्येक कप्प्याभोवती विद्युतरोधक थराची भिंत. नोंद करताना विद्युतदाब देऊन इलेक्ट्रॉन या भिंतीतून आत ढकलतात. अभिजात भौतिकीच्या नियमांनी त्यांना ही भिंत ओलांडता येऊ नये. पुंज भौतिकीच्या नियमांनी येते. दाब काढून घेतला की ते आत अडकतात, वीज नसली तरी वर्षानुवर्षे. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती प्रत्यक्षात आणली. पण दर लेखनाला ती भिंत थोडी झिजते आणि इलेक्ट्रॉन कालांतराने निसटूही शकतात. तेव्हा जो पाठ खरोखरीच हवा आहे, त्याची प्रत दुसरीकडेही ठेवावी.

येथवर सर्व भौतिकी झाली. पण उतरवून घेतलेली प्रत दर वेळी तुमच्या पूर्ण ताब्यात असतेच असे नाही. पुष्कळ ॲपमध्ये डाऊनलोडचे बटण असते. ते दाबल्यावर फीत फोनमध्ये येते खरी, पण गूढलिपीत, कुलूप लावलेल्या पेटीसारखी. किल्ली ॲपजवळ असते आणि किल्लीला मुदत असते. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने भारतात ही सोय प्रथम दिली, तेव्हा फीत ४८ तासांपर्यंतच पाहता येत असे. पैसे भरणाऱ्या सभासदांनाही फोन निदान २९ दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावा लागतो. दीड महिन्याच्या सुट्टीसाठी डोंगरातल्या वाडीवर जाणाऱ्या मुलीने तीस पाठ उतरवून नेले, तर सुट्टीच्या मध्यावर पेट्या तशाच आणि किल्ल्या बाद, असे होऊ शकते. फीत पुसली गेलेली नसते. कार्डातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी असतात. ती उलगडता येत नाही इतकेच.

"मग सर, कुलूप नसलेली प्रत दुसऱ्या मार्गाने का काढू नये?" हा प्रश्न हमखास येतो. त्याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही वेगळी ठेवली पाहिजेत. एक कायद्याचे. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. खाजगी किंवा वैयक्तिक वापर आणि संशोधन यांसाठी केलेला वाजवी उपयोग म्हणजे हक्कभंग नव्हे, असे तो मानतो; शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीलाही त्यात जागा आहे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणे हा गुन्हा ठरविला आहे. दुसरे उत्तर कराराचे. ॲप वापरताना "मान्य आहे" म्हणून आपण जे बटण दाबतो, त्या अटींत बहुधा लिहिलेले असते की आम्ही दिलेल्या सोयीनेच उतरवून घ्या. यूट्यूबच्या अटी तशाच आहेत. हा वाद नवीन नाही. घरच्या यंत्रावर दूरदर्शनचा कार्यक्रम मुद्रित करून नंतर पाहणे हा हक्कभंग आहे काय, यावर अमेरिकेत चित्रपट कंपन्या आणि सोनी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की नंतर पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण वाजवी आहे. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर घरोघरच्या मुद्रणयंत्राचे काय झाले असते, सांगता येत नाही.

माझे मत विचाराल तर, शिकण्यासाठी हवे असलेले पुष्कळसे साहित्य मुळातच मोकळे असताना कुलपांशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. बालभारतीच्या पुस्तकांतील चौकोनी क्यूआर संकेत दीक्षा या ॲपने वाचता येतात आणि त्यातील बरेच साहित्य इंटरनेट नसतानाही पाहता येईल असे उतरवून घेता येते. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने कनिष्ठ महाविद्यालयापुढील विद्यार्थ्यांना उपयोगी आहेत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपले अभ्यासक्रम खुले करण्याचे २००१ मध्येच जाहीर केले; ते उतरवून घ्या, मित्राला द्या, विकू मात्र नका, अशी त्यांची अपेक्षा. जेथे उतरवण्याची परवानगी लिहून ठेवली आहे तेथून घेतलेल्या फितीला किल्ली लागत नाही आणि मुदतही नसते.

अनोळखी संकेतस्थळांच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा. चित्रफितीच्या नावाच्या शेवटी सहसा एमपी४ असते. "पाठ उतरवा" असे बटण दाबल्यावर शेवटी एपीके असलेली फाईल आली, तर ती चित्रफीत नाही, फोनमध्ये शिरू पाहणारी आज्ञावली आहे. ती उघडू नका.

आता सुट्टीची तयारी करू. पाऊण तासाची ४० व्याख्याने हवी आहेत. दीड मेगाबिटच्या दराने एक व्याख्यान सुमारे ५०६ मेगाबाइट, चाळीस मिळून २० जीबींच्या वर. फळा वाचता येईल असा अर्ध्या मेगाबिटचा दर्जा निवडलात, तर पावणेसात जीबी. नुसता ध्वनी घेतलात तर ८६४ मेगाबाइट. गणित व भौतिकी चित्रासह आणि भाषा ध्वनीपुरती, असा मेळ घातला तर साध्या फोनमध्येही जागा उरेल. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन विमान-अवस्थेत टाका आणि प्रत्येक फीत अर्धा मिनिट चालवून पाहा. शिवाय मुदत किती दिवसांची आहे ते ॲपमध्ये वेगळे वाचून घ्या, कारण आज उघडणारी फीत विसाव्या दिवशी उघडेल की नाही, हे विमान-अवस्थेवरून कळत नाही.